काही नाही निघालं

मी आयुष्यात इंग्रजीत लिहिलेलं सगळ्यात निर्दोष वाक्य एका ओळीचं आहे. त्यात व्याकरणाची चूक नाही, गणिताची नाही. माझ्या कॉलेजच्या सरांनी वाचलं असतं तर चष्म्यातून बघून मान डोलावली असती. मराठीत ते असं होईल : ‘दोन्ही लाइनींवरच्या कामगारांच्या श्वासाच्या मापात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.’ बस, एवढंच. या वाक्याने माझ्या मामूची फुप्फुसं घेतली असं मी म्हटलं की नवरा म्हणतो, वाक्याने नाही, धुळीने घेतली. बरोबर आहे. पण धूळ शिकलेली नव्हती. मी होते.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बाप बोटीवर, चाचे बोटीवर, आणि मामू, म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, दुबईजवळच्या रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात. घरातल्या बाकीच्या पोरी उर्दू शाळेत गेल्या. मला मराठी शाळेत घातलं, कारण ती घराजवळ होती आणि मला सोडायला-आणायला कुणी मोकळं नव्हतं. तिथून रत्नागिरीचं कॉलेज, तिथे स्टॅटिस्टिक्स, फर्स्ट क्लास. हे मी मिरवते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते, त्यात लाजायचं काय.

कॉलेजात गेले तेव्हा मामूने रजेवर येताना कॅल्क्युलेटर आणला होता. साठ दिरहॅमचा, म्हणजे तेव्हाचे पावणेआठशे रुपये, असं त्याने अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवलं. “दुकानदाराला बोललो, ज्याला सगळ्यात जास्त बटनं हायत तो दे. भाची हिसाबाचं शिकते.” त्यातली निम्मी बटणं मी आजवर दाबलेली नाहीत.

पुढच्या रजेला मामू आला तेव्हा मी परीक्षेच्या तयारीत होते. पडवीत माझ्यासमोर बसून त्याने विचारलं, “काय वाचतेस गो?”

“नल हायपॉथेसिस.”

“नळ? पंचायतीचा?”

मी हसले, पण मग समजावायला बसले. तेव्हा कुणालाही काहीही समजावायला मी एका पायावर तयार असायची. म्हटलं, मामू, एखादी गोष्ट आहे की नाही हे तपासायचं असेल तर आधी ‘काही नाही’ असं धरून चालायचं. औषधाने फरक पडत नाही, खताने फरक पडत नाही, असं. मग बघायचं की मिळालेले आकडे या ‘काही नाही’शी जमतात का. अजिबातच जमत नसतील तर ‘काही नाही’ खोडायचं. जमत असतील तर नाही खोडायचं.

“म्हंजे आदी धरायचं का नळाला पानी नाय. मग नळ सोडून बगायचा.”

“हो, तसंच.”

“आनि नाय आला पानी तर?”

“तर म्हणायचं, पाणी नाही हे खोटं ठरवता आलं नाही.”

मामू इतका हसला की आतून माझी आई बघायला आली. “अगो बाय, येवडी पुस्तकं वाचून येवडंच? पानी नाय आला तर टाकी खाली असंल, नायतर नळ चोंदला असंल. कुनीतरी वर चडून बगायला नको?”

मला राग आला. म्हटलं, मामू, तुम्हाला नाही कळायचं ते. तो म्हणाला, खरं हाय, आणि चहा पिऊ लागला.

लग्न होऊन मी रास अल खैमात आले आणि मामूच्याच कारखान्यात लागले. नवऱ्याचं काम सिमेंटच्या ट्रकांच्या ऑफिसात, आणि मला क्वालिटी लॅबमध्ये घेतलं ते मामूने एचआरवाल्याच्या दारात चार वेळा उभं राहून. लॅबचं काम सरळ आहे. प्रत्येक बॅचमधून टाइल्स काढायच्या, वाकवून मोडायच्या, पाणी किती पितात ते बघायचं, आकडे भरायचे. माझ्या टेबलाला काच आहे, एसी आहे. मामू होता त्या प्रेस सेक्शनला यातलं काही नाही. तिथे वाळवलेल्या मातीची भुकटी वरून साच्यात पडते आणि प्रेस दाबते, दर काही सेकंदांनी, दिवसभर. प्रत्येक दाबाला एक फुस्स, आणि त्या फुस्सबरोबर जे उडतं ते तिथल्या माणसांच्या भुवयांवर बसतं. शिफ्ट सुटली की सगळे गिरणीवाल्यासारखे दिसतात. फक्त हे पीठ नव्हे.

मास्क असतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत मास्क लावून बारा तास कोण उभं राहतं ते मला येऊन दाखवा.

प्रेसच्या दोन लाइनी. दोन नंबरच्या लाइनवर धूळ खेचायचं नवं सक्शन बसवलं होतं. एक नंबरवर, म्हणजे मामूच्या लाइनवर, बसवायचं की नाही हा प्रश्न होता. एक नंबरची माणसं खोकतात असं सेफ्टीवाल्याने लिहून दिलं होतं. प्लँट मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, खोकतात सगळेच, आकडा दाखवा. म्हणून क्लिनिकच्या सिस्टरने एक नळी आणली. तिच्यात जोरात फुंकायचं, काटा सरकतो, तो आकडा लिहायचा. आपल्या लोकांनी तिचं नाव त्याच दिवशी ठेवलं, फुंकणी. चुलीपुढची असते ना, तीच.

साहेबांनी मला बोलावलं. “मॅडम, आप तो स्टॅटिस्टिक्सवाली हैं ना? दोनों लाइन का कंपॅरिझन करके दीजिए. प्रॉपर टेस्ट लगाके.”

मी त्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं टाइल्स मोडत होते. माझं खरं शिक्षण कुणी मागितलं नव्हतं. आज मागितलं. घरी जाऊन कॉलेजच्या वह्या काढल्या. हो, त्या मी इथे आणल्या आहेत, बॅगेचं वजन देऊन.

मामूला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे आता तू आमची परीक्षा घेनार?”

“परीक्षा नाही हो मामू, टेस्ट.”

“तेच गो.”

मी खोलीत नव्हते. पुरुष माणसं एकेक करून फुंकणार, तिथे मी कशाला, असं मला वाटलं आणि सिस्टरलाही. सिस्टरने कागद आणून दिला. दोन नंबरची नऊ माणसं, एक नंबरची नऊ. खरं तर एक नंबरला अकरा होती. दोन नावांपुढे आकड्याच्या जागी ‘लीव्ह’ लिहिलं होतं. त्या दोघांना मी ओळखत होते. सगळ्यात जास्त खोकणारे तेच, म्हणूनच ते लांबच्या रजेवर मुलखाला गेले होते आणि परत येण्याचं नाव नव्हतं. मी ती दोन नावं सोडली. आकडाच नाही तर काय करणार, असं म्हणून सोडली.

आता जरा हिशेब सांगते, अवघड नाही. एक नंबरचं सरासरी माप दोन नंबरपेक्षा कमी होतं. डोळ्यांना दिसत होतं कमी. पण माणसागणिक माप इतकं खाली-वर होत होतं, आणि माणसं इतकी थोडी, की एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात पाचापेक्षा कमी असेल तरच ‘काही नाही’ खोडायचं, अशी रेषा आहे. माझा आकडा रेषेच्या वर राहिला. थोडासाच वर. पण वर म्हणजे वर.

कॉलेजात सर कोर्टाचं उदाहरण द्यायचे. आरोपी सुटतो तेव्हा जज्ज ‘हा निर्दोष आहे’ असं म्हणत नाही, ‘गुन्हा सिद्ध झाला नाही’ असं म्हणतो. या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो ज्याला कळला त्याला स्टॅटिस्टिक्स कळलं. मला कळला होता. पेपरात त्यावर पूर्ण मार्क मिळाले होते. फक्त या खटल्यात आरोपी कोण आहे हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आरोपी धूळ होती. संशयाचा फायदा धुळीला मिळाला.

रिपोर्टात मी ते निर्दोष वाक्य लिहिलं. त्याखाली आणखी एक परिच्छेद होता : माणसं फार थोडी आहेत, दोघं रजेवर आहेत, एवढ्यावरून फरक नाही असा अर्थ काढू नये. साहेबांनी निरोप पाठवला, एक पेज में खतम कीजिए. परिच्छेदामुळे चार ओळी दुसऱ्या पानावर जात होत्या. मी तो काढला. कुणी काढ म्हणालं नव्हतं. अक्षर लहान करता आलं असतं, समास कमी करता आला असता. पण एका पानात, मधोमध, ते वाक्य सुंदर दिसत होतं. आणि मग खाली सही केली.

मीटिंगमध्ये साहेबांनी पान उचललं, वाचलं, खाली ठेवलं. “नो डिफरन्स. खलास.”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ‘सर, नो डिफरन्स नही, डिफरन्स नॉट फाउंड,’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, “व्हेरी प्रोफेशनल, मॅडम. ऐसा रिपोर्ट इस प्लँट में पहली बार देखा.” मी तोंड मिटलं. हसले सुद्धा.

जुम्म्याची नमाज झाली की मामू आमच्याकडे जेवायला यायचा. त्या शुक्रवारी मी भाकऱ्या टाकत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसला, नेहमीसारखा. त्याला म्हणे ऑफिसने विचारलं होतं. पॅकिंगला एक जागा झाली होती आणि सगळ्यात जुना म्हणून पहिला हक्क त्याचा. पॅकिंगमध्ये धूळ नाही, खोके आणि पट्ट्या. पण प्रेसचा भत्ता जाणार, आणि बावीस वर्षं एका मशीनवर काढलेला माणूस खोके बांधणार. मामी गावाहून रोज फोनवर म्हणत होती, घ्या, नाहीतर सरळ घरी या, तुमचा खोकला मला इथे ऐकू येतो. शनिवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. हे सगळं त्याने मला त्याच स्टुलावर बसून सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मग त्याने विचारलं, “तुझ्या परीक्षेत काय निघालं गो?”

माझं लक्ष तव्यावर होतं. भाकरी फुगायला लागली होती. मी म्हटलं, “काही नाही निघालं, मामू.”

आपल्या भाषेत हे दोन शब्द किती कामं करतात बघा. पोर पडलं तर उचलताना म्हणतो, काही नाही झालं. रडक्या डोळ्यांच्या बाईला विचारलं काय झालं, तर ती म्हणते, काही नाही. डॉक्टरकडून आलेल्या माणसाला विचारतो काय निघालं, आणि तो ‘काही नाही’ म्हणाला की घरात चहा ठेवतात. मी म्हणाले ते गणितातलं. मामूने ऐकलं ते डॉक्टरचं. मी म्हणाले, सापडलं नाही. त्याने ऐकलं, नाहीच.

“काय नाय?” त्याने पुन्हा विचारलं.

“नाही.”

त्याचा चेहरा मला आठवतो. खांदे खाली आले. त्याने तिथेच मामीला फोन लावला. “अगो, काय नाय माझ्या छातीत. भाचीने काडलंय, मशीनवर. सगळ्यांची काडलीय. उगाच घाबरतेस... अगो ती शिकलेली हाय, तुला जास्त कळते का तिच्याहून?”

हे मी ऐकलं. भाकरी तव्यावर होती, मी चार हात अंतरावर उभी होते आणि मी ऐकलं. फोन काढून घेऊन मला सांगता आलं असतं की मामू, असं नाही, त्या टेस्टमधून तुमच्या एकट्याबद्दल काहीच कळत नाही, आणि सगळ्यांबद्दलही कळलेलं नाही, पॅकिंगची जागा घ्या. चार वाक्यं. पण ‘ती शिकलेली हाय’ हे कानात पडलं आणि मी गप्प राहिले. ते मला तोडावंसं वाटलं नाही. खरं कारण हेच आहे. दुसरं शोधून सापडलेलं नाही.

मामू त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला. पॅकिंगची जागा दुसऱ्याने घेतली. एक नंबरवरचं सक्शन बजेटातून वगळलं गेलं.

त्यानंतर दीड वर्ष. खोकला वाढला, पण आता त्याला नाव होतं, काय नाय. एसीमुळे, सिगारेट सोडली त्यामुळे, वारा सुटलाय त्यामुळे. जिना चढताना तो मधल्या मजल्यावर थांबून बुटाची नाडी बांधायचा. त्याच्या पायात चपला असायच्या हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझी मुलगी एकदा मामूकडे बघून म्हणाली, “ममा, व्हाय डज नाना ब्रीद लाइक दॅट?” मी म्हटलं, नानांना विचार. तिने विचारलं. तो तिला म्हणाला, “नथिंग, नथिंग.” तिच्यासाठी इंग्रजीत.

व्हिसा रिन्यू करायचा म्हणजे रक्त आणि छातीचा एक्स-रे. त्या एक्स-रेने ते काढलं जे माझ्या टेस्टने काढलं नव्हतं. आधी टीबीचा संशय, त्यासाठी तपासण्या. टीबी नव्हता. मामूला वाटलं सुटलो. मग डॉक्टरने मला बाजूला घेतलं, कारण फॉर्मवर शिकलेली नातेवाईक म्हणून माझं नाव होतं. छातीत धूळ बसलीय, म्हणाले, बरीच वर्षं बसत आलीय. आता धुळीपासून लांब राहिले तरी आत झालंय ते मागे फिरत नाही. हळूहळू वाढतंच. मी विचारलं, दीड वर्षापूर्वी धुळीतून काढलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तेव्हाचं मी आज कसं सांगू. माझ्याच भाषेत बोलले. पुरावा नाही.

बाहेर वेटिंगमध्ये मामू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होता. मी शेजारी बसले. ते शुक्रवारचं मला तेव्हा सांगायचं होतं, काय म्हणाले होते आणि त्याचा अर्थ काय होता. मी सुरुवात केली, “मामू, ती फुंकणीची टेस्ट...”

“चुकली ना?” तो म्हणाला. “माझ्यामुळं गो.”

“तुमच्यामुळे कशी?”

त्याने आजूबाजूला बघितलं, कुणी आपलं नाही ना. मग दम घेत घेत सांगितलं. टेस्टच्या आदल्या दिवशी त्याने एक नंबरच्या सगळ्यांना रूमवर गोळा केलं होतं. त्यांना सांगितलं, उद्या माझ्या भाचीची परीक्षा आहे. तिने पहिल्यांदा मोठं काम हातात घेतलंय, साहेबाच्या पुढे तिची इज्जत राहिली पाहिजे, कुणी नापास व्हायचं नाही. दोघांकडे निळे पंप होते, दम्याचे, मुलखातून आणलेले. ते पंप सकाळी सगळ्यांमध्ये फिरले. प्रत्येकाने दोन-दोन दम ओढले, मग जाऊन फुंकणीत फुंकलं.

“मी सगळ्यात जास्त मारला,” मामू म्हणाला. “सिस्टर बोलली, व्हेरी गुड. मी तुझंच नाव घेतलं.”

मी एक नंबरचे नऊ आकडे मनात पुन्हा मोजू लागले.

“कमी फुंकायला पायजे होतं का?” त्याने विचारलं.

“हो, मामू.”

“तू बोलली नायस.”

मी बोलले नव्हते. मी टेस्ट म्हणाले होते, त्याने परीक्षा ऐकलं होतं, ‘तेच गो’ म्हणाला होता, आणि मी फोन ठेवला होता. परीक्षा म्हणजे पास व्हायची असते हे बावीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला कोण शिकवतं? मीच. माझे मार्क, माझा फर्स्ट क्लास, माझे पेढे. त्या घरात परीक्षेचा दुसरा कुठलाही अर्थ मी येऊ दिला नव्हता.

टाकी भरलेली होती. नळ चोंदलेला होता, आणि तो आम्ही दोघांनी मिळून चोंदला होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. जाण्याआधी एक नंबरच्या माणसांना भेटले, कारण पंपांचं सांगितल्याशिवाय जुनी टेस्ट रद्द कशी होणार. त्यातला एक मोठ्या वयाचा माणूस हात जोडून म्हणाला, “मॅडम, पंप का नाम मत लेना. पंप मतलब दमा, दमा मतलब अनफिट, अनफिट मतलब घर. बच्चे पढ़ रहे हैं.” बाकीचे नुसते बघत राहिले. त्यांच्या भुवया तशाच.

मग साहेबांना मी फक्त एवढंच सांगितलं की टेस्ट पुन्हा करू, या वेळी जास्त माणसं घेऊ, रजेवर गेलेल्यांना, सोडून गेलेल्यांनाही फोन करू. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “मॅडम, रिझन?”

“सर, सॅम्पल कम था.”

“वो तो उस वक्त भी कम था. आपने लिखा नहीं.” मग पुढे, “मतलब जब तक आपको चाहिए वैसा जवाब नहीं आता, तब तक टेस्ट करती रहेंगी? ये प्रोफेशनल है?”

नियमाने बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. हवं ते उत्तर येईपर्यंत टेस्ट लावत राहायची नाही, हे मीच वहीत लाल शाईने अधोरेखित केलेलं आहे. खरं कारण सांगितलं तर बाकीची आठ घरं बसतात, नाही सांगितलं तर मी मामाची बाजू ओढणारी भाची ठरते. मी केबिनमधून बाहेर आले. या वेळी पाय जमिनीला लागत होते.

मामू महिन्याभरात गावी परतला. विमानतळावर व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हता. शेवटी बसला तेव्हा माझ्या मुलीला म्हणाला, “व्हीआयपी.” तिने हात हलवला. त्याच्या सामानात पाच किलो खजूर, मामीसाठी अत्तर आणि एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. पाकीट त्याने बॅगेत घातलं नाही, दुमडेल म्हणून. मांडीवर घेऊन बसला.

आता तो पडवीत असतो, जिथे त्याने मला नळाचं विचारलं होतं. मी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल लावते. फोन मामी धरते. ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते आणि फोन त्याच्याकडे फिरवते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, पण मशीनवर कुणी काढलं होतं हे तिच्या लक्षात आहे. मामूला वाक्य पुरं करायला दोन श्वास लागतात. कधी तीन. मी विचारते, “कसं वाटतं?” तो म्हणतो, “काय नाय गो.” आणि मी, जिला या दोन शब्दांच्या दोन अर्थांमधला फरक पूर्ण मार्कांनी येतो, म्हणते, “बरं.”

एक नंबर चालू आहे. मामूच्या मशीनवर नवा माणूस आहे, तिशीतला, अजून खोकत नाही. मी साहेबांना दोनदा मेल लिहिले, सेफ्टीवाल्याला एकदा. ‘नोटेड’ असं उत्तर आलं. सेफ्टीवाला आता दुसऱ्या कंपनीत आहे. नोकरी मी सोडलेली नाही. सोडून कुठे जाणार, मुलीची शाळा आहे. हेही वाक्य त्या हात जोडणाऱ्या माणसाकडून ऐकलेलंच आहे, फरक एवढाच की माझ्या टेबलाला काच आहे.

वर्षातून एकदा बाहेरून ऑडिटवाले येतात. ते विचारतात, प्रेस सेक्शन, लाइन एक, डस्ट? मग फाइलमधून एक पान निघतं. त्याला आता प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. ऑडिटवाला ते वाचतो, ठीक म्हणतो, खूण करतो. गेल्या वेळी मी तिथेच उभी होते. एका पानात, मधोमध, ते वाक्य. खाली माझी सही, सहीखाली पूर्ण नाव, आणि नावापुढे पदवी.

ती लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.